सिंगिन इन द रेन : लीना लमॉन्टवर अन्याय झालाय का?

दुसरी_घंटा

'सिंगिन इन द रेन' (१९५२) म्हटलं की सगळ्यांना तो पाऊस, ती छत्री आणि दिव्याच्या खांबाला लटकलेला जीन केली आठवतो. गाणं सुंदरच आहे, वाद नाही. पण हा सिनेमा मी पुन्हा लावते तो लीना लमॉन्टसाठी. आणि प्रत्येक वेळी शेवट आला की घशात काहीतरी अडकतं, म्हणून हा धागा.

गोष्ट थोडक्यात सांगते. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबा. सत्तर वर्षांनंतर स्पॉयलरची तक्रार चालणार नाही.

साल १९२७. मॉन्युमेंटल पिक्चर्स या (काल्पनिक) स्टुडिओची मूकपटातली लाडकी जोडी म्हणजे डॉन लॉकवुड (हाच आपला जीन केली) आणि लीना लमॉन्ट. तेवढ्यात 'द जाझ सिंगर' येतो, सिनेमा बोलायला लागतो आणि सगळ्यांची पळापळ होते. लीना दिसते राणीसारखी, पण आवाज चिरका आणि बोलणं गल्लीतलं. मग केथी सेल्डन नावाच्या कोरसमधल्या मुलीचा आवाज लीनाच्या तोंडी बसवतात. शेवटी प्रीमियरला लीना माइकसमोर नुसते ओठ हलवत असते, केथी मागे उभी राहून गात असते आणि मधला पडदा वर ओढला जातो. लोक हसतात, लीना पळते, खेळ खलास.

माझं म्हणणं असं की हा अख्खा सिनेमा म्हणजे एकच विनोद चार वेळा सांगितलेला आहे : आवाज एक सांगतो, चित्र दुसरंच दाखवतं.

पहिल्यांदा, सुरुवातीलाच. प्रीमियरच्या गर्दीत डॉन रेडिओवर मुलाखत देतोय. आपण कसे उत्तमोत्तम संस्थांत शिकलो, कसा कायम आब राखला, वगैरे. पडद्यावर मात्र तो आणि त्याचा दोस्त कॉस्मो दारूच्या गुत्त्यात नाचतायत, फडतूस तमाशांतून हुर्यो घेतायत, आणि डॉन स्टंटमन म्हणून मोटरसायकलवरून, विमानातून आदळतोय. आजही कुठल्याही नटाची 'माझा प्रवास' छापाची मुलाखत ऐकताना मला हा प्रसंग आठवतो.

दुसऱ्यांदा, मूकपटाच्या शूटिंगमध्ये. कॅमेऱ्यासमोर डॉन लीनाला कवेत घेऊन प्रेमाने ओठ हलवतोय आणि प्रत्यक्षात दोघं एकमेकांना शिव्या घालतायत. लीनाने केथीची नोकरी घालवलीय, हे त्याला त्याच मिठीत कळतं.

तिसऱ्यांदा, त्यांच्या पहिल्या बोलपटाच्या पूर्वखेळात. आवाज आणि चित्राचा मेळ सुटतो. लीना मान हलवून नकार देतेय आणि तोंडातून येतोय पुरुषी घोगरा होकार. खलनायक मान डोलावतोय लीनाच्या किरट्या नकारावर. इतका निखळ विनोद मी फार कमी पाहिलाय.

आणि चौथ्यांदा तो पडदा.

आता सांगा, चारपैकी पहिलं खोटं डॉनचं, दुसरं दोघांचं, तिसरं यंत्राचं. शिक्षा फक्त चौथ्याला. म्हणजे लीनाला. डॉनने भर रेडिओवर अख्ख्या गावाला फसवलं, त्याला बक्षीस म्हणून नायिका.

शिवाय सगळ्या स्टुडिओत स्वतःचा करार वाचलेली व्यक्ती एकच, तीही लीना. तिच्या प्रसिद्धीची जबाबदारी स्टुडिओवर आहे आणि ती तिच्या मनासारखी झाली नाही तर ती दावा लावू शकते, हे कलम ती मालकाच्या तोंडावर फेकते. मालक आर. एफ. सिम्पसन गार. जिला सिनेमाभर ढ म्हणून हसलो, ती धंद्यात सगळ्यांची बाप निघते. मतं मांडा.

चकली_विथ_चहा

रुमाल टाकून ठेवते. रात्री वाचेन.

नाही_पटलं

धागा छान, निष्कर्ष नामंजूर.

अन्याय कसला? लीनाने एका पोरीची नोकरी घालवली. पुढे तिला पाच वर्षं पडद्यामागे डांबून ठेवायचा घाट घातला, तिचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही म्हणाली. डॉनची थाप निरुपद्रवी आहे, त्यात कोणाच्या पोटावर पाय येत नाही. लीना दुसऱ्याच्या गळ्यावर स्वतःचं नाव लावत होती. करार वाचता येतो म्हणून माणूस थोर होत नाही हो, सावकारालाही करार वाचता येतो.

बूमवाला

मी साऊंडमध्ये काम करतो, त्यामुळे माझं या सिनेमावरचं प्रेम वेगळ्या जागी आहे. माइकचा प्रसंग.

आठवा. लीनाला बोलायचंय आणि माइक लपवलाय समोरच्या झुडपात. ती बोलताना मान फिरवते की आवाज गायब, वळली की हजर. मग माइक तिच्या कपड्यांत शिवतात, तर तिच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. मग खांद्यावर फुलात लपवतात. तेवढ्यात मालक येतो, जमिनीवरची वायर बघून हे काय म्हणून ओढतो आणि लीना आडवी. आणि पूर्वखेळात तिच्या मोत्यांच्या माळेचा आवाज दगडांचा पाऊस पडल्यासारखा येतो!

लोकांना ही अतिशयोक्ती वाटते. आज लेपल (कपड्यांवर लावायचा चिमुकला माइक) लावून बघा. मंगळसूत्र, कांजीवरमची सळसळ, छातीवरची चेन, सगळं येतं. आमची अर्धी जिंदगी चिकटपट्टी लावण्यात जाते. फरक इतकाच की आज वर बूम (लांब काठीला टांगलेला माइक) असतो. १९२७-२८ मध्ये माइक एका जागी ठोकलेला असायचा आणि नट त्याच्याभोवती गोळा व्हायचे. कॅमेऱ्याची घरघर येऊ नये म्हणून कॅमेरा, कॅमेरामनसकट, काचेच्या बंद खोक्यात. आत माणूस उकडून निघायचा. मूकपटात मोकळा फिरणारा कॅमेरा दोनेक वर्षं एका जागी खिळला.

मेळ सुटण्याबद्दलही सांगतो. 'जाझ सिंगर'च्या व्हायटाफोन पद्धतीत आवाज फिल्मवर नव्हताच, वेगळ्या तबकडीवर होता. १६ इंची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका रिळाला एक, साधारण ११ मिनिटांची. सुई उडाली किंवा फिल्म तुटून दोन फ्रेम कापल्या की पुढचं सगळं बोंबललं. म्हणजे तो होकार-नकाराचा प्रकार लेखकांच्या डोक्यातून आलेला असला तरी प्रोजेक्शनवाल्यांच्या रोजच्या भीतीतला आहे.

आणि मूकपटात शिव्या घालायचं म्हणाल, तर 'व्हॉट प्राइस ग्लोरी' (१९२६) मधल्या शिव्या ओठांवरून वाचून प्रेक्षकांनी तक्रारी केल्या होत्या. मूकपट वाटतो तितका मूक नव्हता.

पावसाळी_बूट

बूमवाले, एक बाळबोध प्रश्न. पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं, हे खरं का?

बूमवाला

नाही. मागून दिवे मारले की पावसाच्या धारा दिसतात, आजही तेच करतात. दुधाची दंतकथा आहे. केलीला त्या वेळी १०३ ताप होता, हे मात्र खरं.

तबकडी

दुसरी_घंटाताई, लेख झकास. पण तुमच्या चार थापांत पाचवी राहिली आणि ती सगळ्यात मोठी आहे.

केथीची भूमिका डेबी रेनल्ड्सने केली, तेव्हा ती जेमतेम १९ वर्षांची. सिनेमात ती लीनाला आवाज देते, बरोबर? आता 'वुड यू' हे गाणं आठवा. केथी स्टुडिओत माइकसमोर उभी राहून गाते आणि तोच आवाज मग लीनाच्या तोंडी दिसतो. तो आवाज डेबीचा नाहीच. बेटी नॉयेस नावाच्या गायिकेचा आहे. तिचं नाव श्रेयनामावलीत नाही.

थांबा, अजून आहे. बोलपटातले लीनाचे संवाद केथी सुसंस्कृत आवाजात डब करते, तो आवाज कोणाचा? लीना झालेल्या जीन हेगनचा स्वतःचा! बाईंचा मूळ आवाज उत्तम होता. म्हणजे जीन हेगन डब करतेय डेबीला, जी डब करतेय जीन हेगनला. उसाच्या चरकातून कांडं दुमडून पुन्हा घालावं तसा प्रकार.

गाण्यांचंही ऐका. बहुतेक गाणी जुनी. निर्माता आर्थर फ्रीड तरुणपणी गीतकार होता, संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राउनबरोबर त्याने १९२० आणि १९३० च्या दशकांत ही गाणी केली. शीर्षकगीत पहिल्यांदा पडद्यावर आलं ते 'हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ १९२९' मध्ये. एमजीएम स्टुडिओने बेटी कॉम्डन आणि अडॉल्फ ग्रीन या लेखकजोडीला सांगितलं, ही गाणी घ्या आणि भोवती सिनेमा रचा. गाणी बोलपटाच्या जन्माच्या काळातली, मग गोष्टही त्याच काळातली करू, असा त्यांनी सरळ हिशेब केला.

त्यात 'मेक एम लाफ' नवीन लिहिलेलं. कॉस्मो झालेला डोनल्ड ओ'कॉनर भिंतीवर चढून उलटी मारतो ते. ते ऐका आणि मग कोल पोर्टरचं 'बी अ क्लाउन' ऐका ('द पायरेट', १९४८, निर्माता पुन्हा फ्रीड, नट पुन्हा केली). जुळी भावंडं वाटतात. दुसऱ्याचा आवाज ढापण्याबद्दलच्या सिनेमात चाल अशी, काय बोलणार.

नाही_पटलं

तबकडी, तुमचा हा प्रतिसाद मूळ लेखाविरुद्ध जातो असं नाही का वाटत? बेटी नॉयेसचं नाव आलं नाही हा खरा अन्याय. लीना तर कागदावरची बाई आहे.

तबकडी

दोन्ही एकाच दोरीला बांधलेले आहेत. १९५२ चा स्टुडिओ १९२७ च्या स्टुडिओला हसतोय आणि स्वतः तेच करतोय. पुढेही थांबला नाही. मार्नी निक्सन या गायिकेने 'द किंग अँड आय' (१९५६) मध्ये डेबोरा करसाठी, 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) मध्ये नॅटली वुडसाठी आणि 'माय फेअर लेडी' (१९६४) मध्ये ऑड्री हेपबर्नसाठी आवाज दिला. पडद्यावर नाव एकदाही नाही.

आपल्याकडेही सुरुवात हीच. 'महल' (१९४९) च्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? कामिनी. म्हणजे मधुबालेच्या पात्राचं! लताबाईंचं नाव नाही. लोकांनी विचारणा केली तेव्हा कळलं कोण गातंय ते. पण त्यानंतर आपली वाट वेगळी झाली. लताबाई नावासाठी, श्रेयासाठी भांडल्या. फिल्मफेअरला पार्श्वगायनाचं पारितोषिकच नव्हतं, ते सुरू झालं आणि पहिलं गेलं 'मधुमती'तल्या 'आजा रे परदेसी'साठी त्यांनाच.

म्हणून मला हा शेवट बघताना नेहमी वाटतं की तो आपल्या प्रेक्षकाला चालला नसता. इथे पडदा वर ओढला आणि मागे गायिका दिसली, तर लोक हसले नसते. टाळ्या वाजवून वन्समोअर मागितला असता, आणि नटीलाही कोणी हाकललं नसतं.

चकली_विथ_चहा

हे शेवटचं वाचून उठून बसले. खरंच की! मधुबाला गात नाही हे माहीत असून आपल्याला काही फसवल्यासारखं वाटत नाही.

रंकाळा

तबकडी +१००. आमच्याकडचं बोलपटाचं स्थित्यंतर याच सिनेमाशेजारी ठेवून बघण्यासारखं आहे, म्हणून थोडं अवांतर.

'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला. अर्देशीर इराणींची इंपीरियल कंपनी. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ, म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर शूटिंग करायचे. माइक असेच लपवलेले. नायक मास्टर विठ्ठल, आपला मराठी गडी, मूकपटातला मारामारीचा राजा. लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. पण उर्दू संवाद त्याच्या जिभेवर बसेनात. उपाय काय केला? बराच वेळ त्याला बेशुद्धीत नाहीतर गुंगीत ठेवलं. लीनाला हे सुचवायला कोणीतरी हवं होतं.

आणि कराराचं म्हणाल, तर विठ्ठल आधीच दुसऱ्या कंपनीशी बांधलेला होता, 'आलम आरा'साठी तो सोडून आला म्हणून कोर्टकचेरी झाली. त्याचे वकील होते बॅरिस्टर महंमद अली जिना. आणि ते जिंकले.

दुसरीकडे सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स. मूकपटातली सगळ्यात महागडी नटी, मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त कमावते अशी ख्याती. (लीना आपण राष्ट्राध्यक्ष कूलिजपेक्षा जास्त कमावतो म्हणते, आठवतं?) बोलपट आले आणि बाईंना हिंदुस्तानी येईना. तिने सुट्टी घेतली, भाषा शिकली, परत आली आणि स्वतःचेच गाजलेले मूकपट बोलपट म्हणून पुन्हा केले.

मराठीत तर वेगळीच गंमत. 'अयोध्येचा राजा' (१९३२), प्रभात, तेव्हा अजून कोल्हापुरात. शांतारामबापूंनी राजा हरिश्चंद्र म्हणून कोणाला घेतलं, तर गोविंदराव टेंब्यांना. संगीत नाटकातला मुरलेला माणूस, संगीतही त्यांचंच. तारामती दुर्गाबाई खोटे. चांगल्या घरातली, शिकलेली बाई सिनेमात आली म्हणून केवढा गहजब. आवाज आला तेव्हा आमच्याकडे पडदा आधी नाटकवाल्यांकडे वळला, कारण त्यांचे गळे तयार होते.

दुसरी_घंटा

रंकाळा, सुलोचनाचं उदाहरण देऊन तुम्ही माझाच मुद्दा पुढे नेलात. तिला शिकायला वेळ मिळाला. लीनाला उच्चारांची शिक्षिका मिळते ती एका विनोदी प्रसंगापुरती. त्याच वेळी डॉनलाही शिक्षक मिळतो, पण तो आणि कॉस्मो त्या बिचाऱ्या मास्तरची टर उडवत टेबलावर नाचतात. डॉनला शिकायची गरजच नाही असं सिनेमा गृहीत धरतो. आणि पूर्वखेळात लोक डॉनलाही हसतात बरं का, एकच प्रेमाचं वाक्य तो इतक्या वेळा घोकतो की सभागृह डोक्यावर घेतात. (ही कोपरखळी मूकपटातला नट जॉन गिल्बर्टला, 'हिज ग्लोरिअस नाइट' (१९२९) मधल्या त्याच्या प्रेमप्रसंगांना लोक हसले होते.) डॉनचं अपयश कॉस्मो एका रात्रीत नाचगाणं घालून झाकतो. 'ड्युएलिंग कॅव्हलियर'चा 'डान्सिंग कॅव्हलियर'. लीनाचं झाकलं जात नाही, ते वापरलं जातं.

साठीचा_गजल

मी फक्त जीन हेगनबद्दल बोलणार. या बाईने 'द अस्फाल्ट जंगल'मध्ये (१९५०) केवढी करुण भूमिका केली होती, तीच बाई ही लीना. ब्रॉडवेवर 'बॉर्न यस्टरडे' या नाटकात (त्यातली नायिकाही चिरक्या आवाजाची) ज्युडी हॉलिडेची बदली नटी म्हणून ती तयार होती. आणि ज्युडी म्हणजे कॉम्डन-ग्रीनची नाइटक्लबच्या दिवसांतली जोडीदार. लीनाचा तो आवाज कुठून आला असेल, ते यावरून समजून घ्या.

या सिनेमाला ऑस्करची नामांकनं दोनच, एक संगीताला, एक हेगनला. मिळालं एकही नाही. हेगनचं गेलं ग्लोरिया ग्रॅहमला, 'द बॅड अँड द ब्युटिफुल'साठी. तोही हॉलिवूडची पोलखोल करणाराच सिनेमा! केली, दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन, कोणाचं नाव नाही. आज समीक्षक याद्यांत वर ठेवतात ('साइट अँड साऊंड' मासिकाची २०२२ ची यादी, दहावा) तो भाग निराळा. तेव्हा केलीच्याच 'अॅन अमेरिकन इन पॅरिस'ला नुकतंच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं आणि हा त्याचा हलकाफुलका धाकटा भाऊ वाटला असावा.

पावसाळी_बूट

शेवटाकडचा तो लांबलचक बॅले कोणी आवडीने बघतं का? त्यातली नर्तिका सिड शरीस अप्रतिम, पण कथेशी संबंध शून्य. मी तर चहा टाकायला उठतो.

साठीचा_गजल

मग त्यातला विनोद हुकला. डॉन ही कल्पना मालकाला सांगतोय, ती आपण तेवढा वेळ बघतो आणि संपल्यावर मालक म्हणतो, मला काही हे डोळ्यांसमोर येत नाही! एवढा खर्च या एका वाक्यासाठी. आर. एफ. म्हणजे आर्थर फ्रीडचीच नक्कल आहे, आणि फ्रीडने ती स्वतःच्याच सिनेमात काढू दिली.

नाही_पटलं

बॅले माफ. मूळ मुद्द्यावर येतो. दुसरी_घंटा, काल रात्री शेवटची वीस मिनिटं फक्त बघितली. तुमच्या लीनाबद्दल मत तेच आहे. पण एक गोष्ट तुम्हीही लिहिली नाहीत. तो पडदा ओढतं कोण? डॉन, कॉस्मो आणि आर. एफ. स्वतः. केथीला पडद्यामागे डांबायला काही मिनिटांपूर्वी राजी झालेला मालक हसत हसत दोरी ओढतोय! हवा बदलली की हा माणूस दुसऱ्या बाजूला.

चकली_विथ_चहा

आणि केथीला विचारलं कोणी? तिला डाव सांगितलेलाच नाही. डॉन तिला गायला लावतो, ती दुखावून म्हणते की तुझं तोंड पुन्हा बघणार नाही, रडत मागे उभी राहते आणि गाते. पडदा वर गेल्यावर ती घाबरून पळत सुटते. मग डॉन स्टेजवरून ओरडतो, हिला थांबवा, हाच तो आवाज. प्रेक्षकांना रोमँटिक वाटतं. मला बाईंची परवानगी न घेता केलेला प्रसिद्धीचा स्टंट वाटतो.

दुसरी_घंटा

चकली, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं इतकं नेमकं आहे. लीनाने निदान आपल्याला काय हवंय ते सगळ्यांसमोर मागितलं.

नाही_पटलं

मागितलं ते दुसऱ्याचं होतं. पण आर. एफ. वर वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने लिहीन.